एकत्र नाचण्याचा हक्क

अमेरिकेंतील वर्णभेदाचा प्रश्न निघाला म्हणजे सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांपुढें प्रथम न्यायालयें, शाळा, मोटारगाड्या आणि मतपेट्या येतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींचा नाच हा या गंभीर यादींत बसणारा विषय आहे, असें सहसा कोणास वाटत नाहीं. परंतु कायद्यानें उघडलेलें दार समाज आंतून किती दिवस कडी लावून बंद ठेवूं शकतो, हें पाहावयाचें असेल, तर मेरीलंड संस्थानांतील बाल्टिमोर शहराच्या एका नाचाच्या कार्यक्रमाची हकीकत ध्यानांत घेण्याजोगी आहे. या हकीकतीवर ‘हेअरस्प्रे’ नांवाचा एक आनंदी संगीत बोलपट रचला गेला. बोलपटाचा शेवट जितका गोड आहे, तितकाच मूळ घटनेचा शेवट कडू झाला.

प्रथम नांवाचा उलगडा केला पाहिजे. हेअरस्प्रे म्हणजे केसांवर फवारावयाचा एक चिकट द्रव. तो वाळला म्हणजे केस जेथल्या तेथें ताठ राहतात. १९६० च्या सुमारास अमेरिकेंतील मुली केस उलटे विंचरून टोपलीएवढे फुगवीत आणि या फवाऱ्यानें ते उभे ठेवीत. एक बटहि हलूं नये, सर्व कांहीं ठरल्या जागीं राहावें, अशी ती आवड होती. त्या काळच्या समाजव्यवस्थेचीहि आवड तीच होती, म्हणून हें नांव दिसतें तितकें पोरकट नाहीं.

आतां मूळ हकीकत. १९५७ सालीं बाल्टिमोरच्या एका दूरचित्रवाणी केंद्रावर ‘बडी डीन शो’ हा कार्यक्रम सुरू झाला. शाळा सुटली कीं, मुलेंमुली केंद्रांत जमत, निवेदक बडी डीन तबकड्या लावी, आणि त्यांचा नाच घरोघरीं दिसे. नेहमीं नाचणाऱ्या मुलांची एक निवडक मंडळी होती. तिला ‘कमिटी’ म्हणत. कमिटींतील मुलामुलींचे पोषाख, त्यांची केशरचना, त्यांच्या जोड्या यांची चर्चा शहरभर चाले. फिलाडेल्फियाचा ‘अमेरिकन बँडस्टँड’ हा असाच कार्यक्रम देशभर गाजत असतां बाल्टिमोरच्या या केंद्रानें तो घेतला नाहीं, इतका घरचा कार्यक्रम लोकप्रिय होता.

या कमिटींत सर्व मुलें गोरी. ज्या गाण्यांवर तीं नाचत, त्यांतील पुष्कळशीं कृष्णवर्णीय गायकांचीं होतीं. जीं पाउलें तीं टाकीत, त्यांतील पुष्कळशीं कृष्णवर्णीय वस्त्यांत जन्मलेलीं होतीं. पण त्या वस्त्यांतील मुलांस मात्र गोऱ्या मुलांबरोबर त्या जमिनीवर पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. त्यांच्यासाठीं वेगळे दिवस राखून ठेवलेले असत. गाणें चालेल, गाणारा चालणार नाहीं, असा हा न्याय होता.

येथें एक शंका येईल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालींच शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला होता, आणि बाल्टिमोरनें त्याच वर्षीं आपल्या शाळा सर्वांस खुल्या केल्या होत्या. मग एका वर्गांत बसणाऱ्या मुलांना एकत्र नाचण्याची बंदी कां? याचें उत्तर आपल्याकडील रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार यांच्यामधला फरक जाणणारास लगेच कळेल. शेजारीं बसून गणितें सोडविणें ही एक गोष्ट, आणि मुलानें मुलीचा हात हातांत घेणें ही दुसरी. गोऱ्या पालकांस भीति होती ती नाचाची नव्हे, तर नाचापुढील लग्नाची. मेरीलंडमध्यें गोऱ्या-काळ्यांच्या विवाहास बंदी करणारा कायदा १९६७ सालापर्यंत जिवंत होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे ही भीति किती खोल रुजलेली होती हें ध्यानीं येतें.

१९६३ हें वर्ष त्या शहरांत धामधुमीचें गेलें. मॉर्गन स्टेट कॉलेजच्या विद्यार्थ्यांनीं जवळच्या नॉर्थवुड चित्रपटगृहापुढें निदर्शनें केलीं, शेंकडों विद्यार्थी तुरुंगांत गेले, आणि फेब्रुवारींत तें गृह सर्वांस खुलें झालें. ऑगस्टमध्यें या विद्यार्थ्यांच्या ‘सिव्हिक इंटरेस्ट ग्रुप’ या संघटनेनें नाचाच्या कार्यक्रमाकडे मोर्चा वळविला. युक्ति साधी होती. कृष्णवर्णीयांसाठीं राखलेल्या एका दिवसाचीं तिकिटें मिळवून कांहीं गोरीं मुलेंहि त्यांच्याबरोबर आंत शिरलीं. कार्यक्रम चालू असतांच घराघरांतून दिसत असे. त्यामुळें शहरानें गोरीं व काळीं मुलें एकत्र नाचतांना पाहिलीं. ना आकाश कोसळलें, ना भूकंप झाला. पण केंद्रावर मात्र धमक्यांचा आणि निंदेच्या पत्रांचा वर्षाव झाला. पुढें कार्यक्रम सर्वांस खुला करावा कीं नाहीं, या वादांतून केंद्राला मार्ग काढतां आला नाहीं. ४ जानेवारी १९६४ रोजीं ‘बडी डीन शो’ कायमचा बंद झाला. एकत्र नाचूं देण्यापेक्षां नाचच नको, असा निकाल लागला.

त्या कार्यक्रमाच्या चाहत्यांत जॉन वॉटर्स नांवाचा एक बाल्टिमोरचा मुलगा होता. तो पुढें चित्रपटदिग्दर्शक झाला, आणि १९८८ सालीं त्यानें ‘हेअरस्प्रे’ काढला. २००२ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याचें संगीत नाटक झालें. मार्क शायमन यांच्या चालींनीं तें इतकें गाजलें कीं, पुढील वर्षीं त्यास आठ टोनी पारितोषिकें मिळालीं आणि २६०० हून अधिक प्रयोग झाले. त्या नाटकावरून २००७ सालीं ॲडम शँकमन यांनीं संगीत बोलपट केला. आज बहुतेकांच्या परिचयाचा आहे तो हाच.

कथा १९६२ सालांतील. ट्रेसी टर्नब्लॅड ही लठ्ठ, आनंदी मुलगी. आई एड्ना लोकांच्या कपड्यांस इस्त्री करते, आणि स्वतःच्या स्थूलपणाच्या लाजेनें वर्षानुवर्षें घराबाहेर पडत नाहीं. ट्रेसीला ‘कॉर्नी कॉलिन्स शो’मध्यें नाचावयाचें आहे. शाळेंत शिक्षा म्हणून ज्या खोलींत तिला बसवितात, तेथें तिला सीवीड व त्याचे कृष्णवर्णीय सोबती भेटतात आणि नवीं पाउलें शिकवितात. त्या पाउलांच्या बळावर ती कार्यक्रमांत शिरते. केंद्राची गर्विष्ठ व्यवस्थापिका ‘नीग्रो दिवस’ बंद करते, तेव्हां सीवीडची आई मेबेल मोर्चा काढते आणि ट्रेसी त्यांत सामील होते. शेवटीं सौंदर्यस्पर्धेच्या दिवशीं सर्व गोंधळ उडून कार्यक्रम सर्वांस खुला होतो, आणि लाजरी एड्नाहि मनमुराद नाचते. ही आई तिन्ही वेळां पुरुष नटानेंच उभी केली: प्रथम डिव्हाइन, मग हार्वे फायरस्टीन, पुढें जॉन ट्रॅव्होल्टा. स्त्रीपार्टाची परंपरा पाहिलेल्या मराठी प्रेक्षकास याचें नवल वाटणार नाहीं.

या बोलपटावर आक्षेप घेतां येतात, आणि ते पोकळ नाहींत. लठ्ठ मुलीची कुचेष्टा आणि एका समाजावर लादलेली बंदी हीं एका तराजूंत घालतां येत नाहींत. दुसरें असें कीं, प्रत्यक्षांत तुरुंगांत गेले ते मॉर्गन स्टेटचे विद्यार्थी. कथेंत मात्र पुढारपण बरेंचसें एका गोऱ्या मुलीकडे जातें. २००७ च्या बोलपटानें हा दोष थोडा सुधारला आहे. मोर्चाच्या अग्रभागीं मेबेल चालते, आणि स्पर्धेचा मुकुट ट्रेसीच्या डोक्यावर न बसतां सीवीडची धाकटी बहीण आयनेझ हिच्या डोक्यावर बसतो.

तिसरा आक्षेप शेवटाचा. जें घडलें नाहीं तें घडलें म्हणून दाखविणें ही फसवणूक नव्हे काय? ज्यास मूळ हकीकत ठाऊक नाहीं, त्याची ती फसवणूक होईल खरी; कारण तो समजेल कीं, एका गाण्यानें शतकांचा अन्याय विरघळतो. पण ज्यास ती ठाऊक आहे, त्याला त्याच आनंदाच्या नाचांत एक टोंचणी जाणवते. इतकें सोपें होतें, इतकें सुखाचें होतें, आणि तरीहि तें मोठ्यांनीं होऊं दिलें नाहीं! गंभीर नाटकानें जें साधलें नसतें, तें हा हंसरा खेळ साधतो. अन्याय सहन करणाराचें दुःख तर त्यांत आहेच. पण अन्याय करणारा स्वतः कोणत्या सुखास मुकला, हेंहि तो दाखवितो. मात्र बोलपट पाहणारानें मागची हकीकतहि मुलांस सांगावी, म्हणजे गोडी आणि सत्य दोन्ही पदरीं पडतील.

अमेरिकेनें गुलामगिरी कायद्यानें मोडली ती १८६५ सालीं. त्या कार्याच्या गौरवार्थ जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ तेथील सदाचारी लोकांस अर्पण केला. त्यानंतर बरोबर नव्वद वर्षांनीं बाल्टिमोरच्या कांहीं मुलांस एकत्र नाचण्यासाठीं युक्तीनें तिकिटें मिळवावीं लागलीं. कायदा बेडी तोडतो. पण हात पुढें करणें हें ज्याचें त्यालाच करावें लागतें.