पी.आर. : गोड बोलण्यापलीकडचं काम

'ती पी.आर.मध्ये आहे' असं कोणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? भारी कपडे, सतत वाजणारा मोबाईल, हॉटेलातल्या पार्ट्या आणि गोड गोड बोलणं. हॉस्टेलवर तर 'त्याचा पी.आर. चांगला आहे' याचा अर्थ एवढाच, की मेसच्या काकांकडून त्याला एक गुलाबजाम जास्त मिळतो! पण माझी मावसबहीण चार वर्षं मुंबईतल्या एका पी.आर. एजन्सीत आहे. ताईचं डोकं खाऊन मला जे समजलं, ते आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांच्या भाषेत सांगते.

सगळ्यात आधी एक गैरसमज. पी.आर. म्हणजे जनसंपर्क, जाहिरात नव्हे. जाहिरातीत पैसे मोजून जागा विकत घेता येते, त्यामुळे तिथे काय छापायचं ते तुम्ही ठरवता. पी.आर.मध्ये बातमी छापायची की नाही हे संपादक ठरवतो. एजन्सी फक्त माहिती, माणसं आणि निमित्त पुरवते. आणि सगळी भांडणं इथूनच सुरू होतात. क्लायंट दर महिन्याला ठरलेली फी देतो, तिला रिटेनर म्हणतात. पैसे दिले म्हटल्यावर त्याला वाटतं, उद्या पहिल्या पानावर फोटो पाहिजे! तो हातात नाही, हे न दुखावता समजावणं म्हणजे अर्धी नोकरी, असं ताई म्हणते.

उरलेली अर्धी कशी असते? सकाळी लवकर उठून पेपर चाळायचे, क्लायंटची आणि त्याच्या स्पर्धकांची कात्रणं पाठवायची. मग प्रेसनोट लिहायची. ती क्लायंटच्या मार्केटिंगकडे जाते, तिथून लीगलकडे, तिथून मोठ्या साहेबांकडे, आणि परत येते तेव्हा त्यात बातमी सोडून बाकी सगळं असतं. मग पत्रकारांना फोन. त्यांची डेडलाईन चालू असताना फोन केला तर बोलणी ठरलेली. एका माणसाकडे एका वेळी तीन-चार क्लायंट, आणि प्रत्येकाला वाटतं की ही फक्त माझंच काम करते.

या धंद्याची सुरुवात मात्र झगमगाटातून झाली नाही. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. अशा वेळी रेल्वे कंपन्यांची पद्धत होती लपवायची. त्यांचा सल्लागार आयव्ही ली याने उलट केलं. कंपनीकडूनच अपघाताचं निवेदन काढलं आणि पत्रकारांना जागेवर नेलं. ते निवेदन जगातली पहिली प्रेसनोट मानतात. म्हणजे लीचं पहिलं काम क्लायंटची स्तुती करणं नव्हतं, तर 'दार उघडा' हे त्याला पटवणं होतं.

आपल्याकडचं उदाहरण पाहा. ऑक्टोबर २००३, दिवाळी तोंडावर, आणि महाराष्ट्रात कॅडबरी डेअरी मिल्कमध्ये अळ्या निघाल्याच्या तक्रारी अन्न व औषध प्रशासनाकडे आल्या. कंपनीने आधी दुकानदारांच्या साठवणुकीकडे बोट दाखवलं. लोकांना ते पटलं नाही. मग 'विश्वास' नावाचा कार्यक्रम आला, दुकानदारांना साठवणुकीचे धडे दिले गेले. जानेवारी २००४ मध्ये नवीन, जास्त घट्ट सीलबंद वेष्टन आलं आणि त्यानंतर जाहिरातीत अमिताभ बच्चन. आपल्याला बच्चनच आठवतात, पण माझ्या मते खरा हीरो ते वेष्टन! डिझाईन तेच ठेवून नुसतं बोलत राहिले असते तर पुढच्या पावसाळ्यात तोच प्रश्न उभा राहिला असता.

आता मोजमाप. आलेल्या बातमीची जागा मोजायची, तिला जाहिरातीच्या दराने गुणायचं आणि 'आम्ही तुम्हाला एवढ्या लाखांची प्रसिद्धी दिली' असं सांगायचं, ही जुनी पद्धत. गंमत म्हणजे कंपनीविरुद्धची बातमीसुद्धा त्यात फायदा म्हणून मोजता येते! २०१० मध्ये बार्सिलोनात या क्षेत्रातल्या संस्थांनी हे मोजमाप चुकीचं ठरवलं. लोकांच्या मतात आणि वागण्यात काय बदल झाला ते मोजा, असं ठरलं. तरी क्लायंट आकडा मागतोच.

पण या सगळ्यात कठीण गोष्ट म्हणजे 'नाही' म्हणणं. लंडनच्या बेल पॉटिंजर या बड्या एजन्सीने दक्षिण आफ्रिकेत गुप्ता कुटुंबाच्या कंपनीचं काम महिन्याला १ लाख पौंडांवर घेतलं. त्या मोहिमेने तिथे वर्णद्वेषाच्या आगीत तेल ओतलं असा ठपका आला. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या व्यावसायिक संघटनेने तिला काढून टाकलं, बाकीचे क्लायंट पळाले आणि त्याच महिन्यात एजन्सी बुडाली. एका क्लायंटला हो म्हटल्याची किंमत!

ताईच्या बाबतीत गोष्ट लहान होती. एका क्लायंटला प्रेसनोटमध्ये आपलं उत्पादन 'प्रयोगशाळेत तपासलेलं' असं लिहून हवं होतं. ताईने टेस्ट रिपोर्ट मागितला. रिपोर्ट येतोय, येतोय असं चाललं, तो काही आला नाही. तिने ती ओळ लिहिली नाही, आणि तिची बॉस तिच्या पाठीशी उभी राहिली. दोन महिन्यांनी क्लायंट गेला. त्या वर्षी ताईला पगारवाढ मिळाली नाही. मी विचारलं, "मग काय मिळालं?" ती म्हणाली, "अजून पत्रकार माझा फोन उचलतात."

मित्रांनो, आपल्यातले फार थोडे पी.आर.मध्ये जातील. पण तो टेस्ट रिपोर्ट तयार करणारे आपणच असणार आहोत. उद्या कंपनीत एखादी ताई फोन करून विचारेल, "हे खरंच तपासलंय का?" तेव्हा 'मार्केटिंगला विचारा' म्हणून फोन ठेवू नका. तिच्या प्रेसनोटमधली ती एक ओळ खरी की खोटी, हे आपल्या लॅबमध्ये ठरतं.