मुलासह रानांत एक दिवस

वऱ्हाडांतील शहरी घरांतल्या पांच-सहा वर्षांच्या मुलास चित्रांतला जिराफ चटकन् ओळखतां येतो, पण तारेवर बसलेला खंड्या दाखवून “हा कोण?” असें विचारलें, तर तें आईकडे पाहतें आणि आई त्याच्या वडिलांकडे पाहते. यांत मुलाचा दोष नाहीं. जिराफ त्याला कोणीं तरी सांगितला, खंड्या कोणीं सांगितला नाहीं, इतकेंच. वर्षांतून दोन-तीन दिवस आईनें किंवा वडिलांनीं मुलाला घेऊन रानांत काढले, तर ही उणीव पुष्कळशी भरून निघते. त्यासंबंधीं आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

फार दूर जावें लागत नाहीं. चिखलदरा आणि गाविलगड हीं ठिकाणें उत्तमच. पण लहान मुलाचा अर्धा दिवस घाटाच्या वळणांतच संपतो. अमरावतीकरांस वडाळीचा तलाव आणि पोहऱ्याचें रान हाताशीं आहे. अकोलेकरांस काटेपूर्णेचा जलाशय आहे. त्याच्या परिसरास १९८८ सालीं अभयारण्याचा दर्जा मिळाला. पोहऱ्याच्या रानांत बिबट्याचा वावर असतो. म्हणून उजेडीं जावें, रुळलेली वाट सोडूं नये आणि वनखात्याची बंदी असेल तेथें पाऊल टाकूं नये. बिळांत, ढोलींत किंवा दगडाखालीं हात घालावयाचा नाहीं, हा नियम मुलास घरींच पढवावा. मात्र भीति घालून नव्हे. “तें कोणाचें तरी घर आहे,” एवढें सांगितलें म्हणजे पुरतें.

भाद्रपद महिना यासाठीं मला फार सोयीचा वाटतो. पाण्याकांठच्या बाभळींवर सुगरणीचीं घरटीं लोंबत असतात. नांव ‘सुगरण’ असल्यामुळें हें सारें विणकाम मादीचें, अशी आपली समजूत. वस्तुतः विणतो तो नर. गवताच्या पात्यांचे लांब धागे काढून तो घरटें अर्धेंमुर्धें विणतो आणि पंख फडफडवीत मादीला बोलावतो. मादी आंत शिरून पाहते. पसंत पडलें तरच तो पुढें लांब नळीचें दार विणून घर पुरें करतो. न पडल्यास अर्धवट घरटें तसेंच लोंबत राहतें. मुलाला हें आधीं सांगूं नये. एखादें पुरें आणि एखादें अर्धें घरटें दाखवावें व स्वस्थ बसावें. “बाबा, ह्याला दार कां नाहीं?” हा प्रश्न त्याच्याकडूनच येतो. तो आला म्हणजे मग ही कथा सांगावी; ती त्याच्या कायमची लक्षांत राहते. घरट्याच्या आंत ओल्या मातीचे गोळे लिंपलेले असतात. दिव्यासाठीं पक्षी त्यांत काजवे खोंचतो, असें आजी सांगते. ती गोष्ट आजीच्या तोंडून जरूर ऐकवावी; पण कोणीं तसें पाहिलें आहे का, हेंहि मुलाला विचारूं द्यावें.

पळसाला पानें तीनच, हें सर्वांना ठाऊक. पण तीं तीन मिळून एकच पान, आपण जीं पानें म्हणतों तीं त्याचीं दलें, हें हातांत डहाळी घेतल्यावांचून पटत नाहीं. सागाचें गळून पडलेलें कोवळें पान तळहातावर चोळावें. हात तांबडा होतो. या एका गमतीवर मुलाचा अर्धा तास जातो. तो जाऊं द्यावा. किती मैल चाललों याचा हिशेब अशा दिवशीं ठेवणारा बाप मुलाच्या कामाचा नाहीं.

ऐकणाऱ्यांपैकीं कोणी म्हणतील, मुलानें विचारलेलें आम्हांसच ठाऊक नसेल तर? तर “ठाऊक नाहीं, मिळून पाहूं,” म्हणावें. मोठमोठ्या पंडितांवरहि ही वेळ आली आहे. सातपुड्याच्या रानांत राहणारा रानपिंगळा हा लहानसा घुबड १८८४ नंतर कोणाला दिसला नव्हता. तो नामशेष झाला, असेंच धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्यें तो शहाद्याजवळ सांपडला, आणि पुढें आपल्या मेळघाटांतहि आढळला. एकशें तेरा वर्षें हरवलेला हा पक्षी दिवसाउजेडीं हिंडणारा आहे! मुलांना ही हकीकत वाघापेक्षांहि आवडते, असा माझा अनुभव आहे.

परततांना वाटेवरचा एक काळा दगड आणि शेताच्या बांधावरचें एक सुकें ढेंकूळ मुलाच्या पिशवींत टाकावें. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वाहून आलेल्या तप्त रसाचा हा दगड झाला, आणि तोच झिजून ही कापसाची काळी माती झाली. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली म्हणजे आकसते. म्हणून वैशाखांत आपल्या शेतांना हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हें घरीं दाखवितां येतें. ढेंकूळ कुटून कांचेच्या पेल्यांत अर्ध्यापर्यंत भरावें, मातीच्या पातळीवर बाहेरून दोरा बांधावा, आणि वर पाणी ओतून पेला रात्रभर ओट्यावर ठेवावा. सकाळीं माती दोऱ्याच्या वर चढलेली असते. ती पाहावयास घरांत सर्वांत आधीं कोण उठतें, तें दिसेलच.