वजन दिसतं ते वेळेत

ॲनिमेशन शिकायला आलेल्या मुलाच्या डोक्यात ड्रॅगन घोळत असतो आणि सुरुवातीला त्याच्या वाट्याला येतो एक चेंडू. नाक-डोळे नसलेला, नुसता टप्पे खाणारा गोल. मुलं वैतागतात. पण चेंडू जमला नाही तर पुढे काहीच जमत नाही, आणि त्याचं कारण चित्रकलेपेक्षा पदार्थविज्ञानात आहे.

चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात. वरून सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात साधारण ४.९ मीटर खाली येते. त्या २४ फ्रेमचे सहा-सहाचे चार गट करा. पहिल्या गटात वस्तू जेमतेम ३० सेंटिमीटर उतरते, दुसऱ्यात ९०, तिसऱ्यात दीड मीटर आणि चौथ्यात दोन मीटरच्याही वर. एक, तीन, पाच, सात हे प्रमाण गॅलिलिओने शोधलं. ॲनिमेटर त्याच गोष्टीला ‘स्पेसिंग’ म्हणतात. सगळ्या फ्रेममधलं अंतर सारखं ठेवलं, की चेंडू पडत नाही. दोरीला बांधलेल्या बादलीसारखा खाली सोडला जातो.

आता चेंडूच्या जागी राक्षस आणा. पाच मीटर उंच तटावरून तो खाली उडी टाकतो. दृश्यात जोर यावा म्हणून नवशिका ही उडी १२ फ्रेममध्ये उरकतो. पण अर्ध्या सेकंदात वस्तू पडते ती सव्वा मीटरच. बघणाऱ्याला हे गणित येत नसतं, तरी त्याचा डोळा ते करून मोकळा होतो: तट सव्वा मीटरचा, म्हणजे हा राक्षस नव्हे, बाहुला. मग त्याच्या अंगावर कितीही खवले रंगवा, उपयोग नाही. छोट्या प्रतिकृती वापरून इमारत कोसळताना दाखवणारे कॅमेरामन हेच गणित उलटं वापरतात. प्रतिकृती चौथ्या हिश्शाची असेल तर सेकंदाला ४८ फ्रेम घ्यायच्या आणि २४ने दाखवायच्या. कोसळणं दुप्पट सावकाश होतं आणि इमारत खऱ्या उंचीची वाटू लागते.

चालण्यातही तेच. पाय बऱ्याच अंशी लंबकासारखा झुलतो आणि लंबकाची लांबी चौपट केली की त्याच्या झोक्याला दुप्पट वेळ लागतो. माणसाची लष्करी थाटाची चाल १२ फ्रेमला एक पाऊल अशी बसते, म्हणजे मिनिटाला १२० पावलं. महाकाय प्राण्याला तोच ठेका दिला तर तो दुडुदुडु चालतो. निव्वळ सगळं संथ करूनही भागत नाही, कारण मोठ्या प्राण्याची चालच वेगळी असते. संशोधक जॉन हचिन्सन आणि सहकाऱ्यांनी थायलंडमधल्या हत्तींच्या धावण्याचं चित्रण करून २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. ताशी २५ किलोमीटर वेगानेही हत्तीचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटत नाहीत. घोडा भरधाव धावताना मात्र सुटतात. पण कधी? चित्रकार शतकानुशतकं पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला, हवेत तरंगणारा घोडा काढत आले. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने धावपट्टीच्या कडेने कॅमेरे रांगेत लावून छायाचित्रं घेतली, तेव्हा कळलं की घोडा अधांतरी असतो तो पाय पोटाखाली गोळा झालेले असताना.

भरधाव घोडा डोळ्याला पकडता येत नाही हे समजू शकतं. पण साधं चालणं? चालीत क्रम असतो मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. हंगेरीच्या गाबोर होर्वाथ यांच्या गटाने २०१२ मध्ये चालणाऱ्या चतुष्पादांच्या चित्र-शिल्पांची तपासणी प्रसिद्ध केली. मायब्रिजच्या आधीच्या आधुनिक कलाकृतींपैकी ८३.५ टक्के चुकीच्या निघाल्या, नंतरच्या ५७.९ टक्के आणि गुहेत चित्रं काढणाऱ्या आदिमानवांच्या ४६.२ टक्के. शिकारीवर पोट असलं की निरीक्षण पक्कं होत असावं.

चुकीचं चित्र भिंतीवर खपून जातं, कारण ते हलत नाही. हललं की आपण फार कडक परीक्षक होतो. स्वीडनच्या गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये माणसाच्या सांध्यांवर फक्त दिवे लावून अंधारात चित्रण केलं. स्थिर फ्रेममध्ये ते विखुरलेले ठिपके होते. माणूस चालू लागताच बघणाऱ्यांना ‘माणूस चालतोय’ हे लगेच ओळखू आलं. चेहरा नाही, कपडे नाहीत, बाह्यरेषासुद्धा नाही.

विद्यार्थी सगळ्यात जास्त कुठे अडतात? मागच्या पायात. कुत्र्याचा किंवा घोड्याचा ‘उलटा गुडघा’ खरं तर घोटा असतो. खरा गुडघा वर, पोटालगत असतो. घोडा चालतो तो एकाच बोटाच्या नखावर. पुढचं शरीर त्याहून फसवं. घोड्याच्या किंवा हरणाच्या खांद्याचं पातं गळ्याच्या हाडाने धडाला जोडलेलं नसतं. गळ्याचं हाडच नसतं, सगळा भार स्नायूंवर. मांजरात त्या हाडाची नुसती काडी उरलेली असते. म्हणून दबा धरून पुढे सरकणाऱ्या मांजराकडे बघा: पाठ समतल राहते आणि दोन्ही पाती आळीपाळीने कातड्याखालून वर येतात, खाली जातात. ही पाती घट्ट बसवलेलं मांजर टेबलासारखं चालतं.

डिस्नेने हे मनावर घेतलं होतं. ‘बॅम्बी’साठी (१९४२) स्टुडिओत जिवंत पाडसं आणली आणि शरीररचना शिकवायला रिको लेब्रन यांना बोलावलं. त्या चित्रपटावर काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले. पुढे नावाजलेले ॲनिमेटर राम मोहन त्यांच्याच हाताखाली शिकले. तिथेच ‘द बनियन डिअर’ हा जातककथेवरचा लघुपट निघाला, पुन्हा हरणांचाच.

जो प्राणी कोणी पाहिलाच नाही, त्याचं काय? खास सूट घालून केलेली खरी हालचाल टिपणारं मोशन कॅप्चर आहे, पण ड्रॅगनला तो सूट घालायचा कोणी? तिथे उसनवारी करावी लागते. चार पाय आणि वर दोन पंख असलेल्या ड्रॅगनला खांद्यांची दुसरी जोडी कुठे बसवायची हा खराच पेच आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ने वटवाघळाचा नमुना घेऊन पुढच्या पायांचेच पंख केले आणि सुटका करून घेतली. ‘ज्युरासिक पार्क’मधला (१९९३) टी-रेक्स ताशी ३२ मैल धावतो असं चित्रपटातच सांगितलंय, म्हणजे जवळपास ५१ किलोमीटर. हचिन्सन यांच्याच २००२ च्या गणितानुसार त्या वेगाला लागणारे पायांचे स्नायू त्या देहात मावलेच नसते. वेग खोटा, तरी जनावर अवजड वाटतं. माझ्या मते याचं श्रेय त्याच्या पावलांनी ग्लासातल्या पाण्यावर उठणाऱ्या वर्तुळांना आहे. तिथे प्राणी दिसतच नाही. दोन पावलांमधला लांबलचक वेळ तेवढा ऐकू येतो.

शिकायला महागडं सॉफ्टवेअर लागतं हा समज तसा अर्धवट. अनेक फोन सेकंदाला २४० फ्रेम घेतात, म्हणजे २४ने बघितलं तर हालचाल दहापट संथ होते. गोठ्यातली म्हैस, बाजारातली शेळी, फाटकातलं कुत्रं, कोणीही चालेल. बाजूने, कॅमेरा प्राण्याच्या पाठीच्या उंचीवर धरून चित्रण करा. आधी पायांकडे बघू नका. एक फेरी नुसती कंबर बघा, ती कोणत्या फ्रेमला सगळ्यात खाली जाते ते लिहून काढा. मग खांदा, मग मान, आणि पावलं सगळ्यात शेवटी.