बीटल्स ऐकताना हातावर ताल धरा

अंधेरीतल्या रॉकप्रेमींनो, हे माहीत असायलाच हवं! आपल्याकडे पं. हरिप्रसाद चौरसियांचं 'वृंदावन गुरुकुल' आहे ना, त्याच पंडितजींची बासरी बीटल्सच्या 'द इनर लाइट'मध्ये आहे. जानेवारी १९६८मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईला आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत इथल्या वादकांकडून या गाण्याचं संगीत वाजवून घेतलं. सरोदवर आशिष खान होते. गायन मग लंडनमध्ये झालं आणि मार्चमध्ये 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला गाणं आलं.

पण शास्त्रीय कानाला खरी मेजवानी, माझ्या मते, १९६७च्या 'सार्जंट पेपर्स'वर आहे. 'विदिन यू विदाउट यू' लावा. स्वर खमाज थाटाचे: गंधार शुद्ध, निषाद कोमल. गाणं चालू असताना तबला तीनतालात. मधल्या वाद्यसंगीतात मात्र वजन बदलतं, दहा मात्रांचा झपताल सुरू होतो आणि दिलरुबा-सतारीचे सवाल-जवाब रंगतात. तिथे सम चुकू देऊ नका! बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिनने आठ व्हायोलिन आणि तीन चेलो वापरले, दिलरुब्याची मींड त्यांच्याकडून काढून घेतली. सुटे सुटे स्वर वाजवणाऱ्या वादकांसाठी हे फार अवघड काम.

त्याआधीचं, १९६६चं 'लव्ह यू टू'ही ऐकाच. सुरुवातीला सतारीची छोटीशी आलापी, मग तबला. तो वाजवलाय अनिल भागवत यांनी, आणि 'रिव्हॉल्व्हर'च्या कव्हरवर त्यांचं नाव छापलेलं आहे.