मेरी ॲस्टेल : राजनिष्ठ लेखिकेचा अडचणीचा सवाल

इंग्रजी स्त्रीवादी विचाराची कहाणी बहुधा मेरी वोलस्टनक्राफ्टच्या १७९२ मधील ग्रंथापासून सांगितली जाते. परंतु त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी मेरी ॲस्टेल या लेखिकेने स्त्रियांची बुद्धी, त्यांचे शिक्षण आणि विवाहातील त्यांचे स्थान यांविषयी इतक्या धारदार युक्तिवादाने लिहिले होते, की तिचे नाव एवढे मागे कसे पडले याचे नवल वाटावे. त्याचे एक कारण तिच्या राजकीय मतांत सापडते. ती राजसत्तेची कट्टर समर्थक होती, अँग्लिकन पंथाची, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चची, निस्सीम अनुयायी होती आणि प्रजेला राजाविरुद्ध उठण्याचा हक्क आहे हे तिला कधीच पटले नाही. अशा सनातनी लेखिकेला सुधारकांच्या मालिकेत बसवणे पुढच्या अभ्यासकांना अवघड गेले.

मेरीचा जन्म १२ नोव्हेंबर १६६६ रोजी न्यूकॅसल-अपॉन-टाइन या शहरात, कोळशाच्या व्यापारात असलेल्या घराण्यात झाला. मुलींसाठी विद्यापीठांची दारे बंद असताना तिला शिकवले ते राल्फ ॲस्टेल या धर्मोपदेशक काकाने. मात्र ती बारा वर्षांची असताना वडील वारले, पाठोपाठ काकाही गेला, आणि घराची आर्थिक घडी विस्कटली. हुंड्याची सोय नसलेल्या सुशिक्षित मुलीचे पुढे काय होणार, हा प्रश्न अशा रीतीने तिच्यापुढे पुस्तकातून नव्हे, तर थेट आयुष्यातून उभा राहिला. वयाच्या विशीत ती एकटी लंडनला आली आणि हलाखीच्या दिवसांत तिने कँटरबरीचा आर्चबिशप सॅनक्रॉफ्ट याच्याकडे मदत मागितली, ती मिळालीही. पुढे लंडनलगतच्या चेल्सी या गावी तिने बिऱ्हाड केले. लेडी कॅथरीन जोन्स, लेडी एलिझाबेथ हेस्टिंग्ज अशा खानदानी मैत्रिणींचा आधार तिला तेथे लाभला, आणि लग्न न करता लेखनावर जगण्याचा दुर्मीळ मार्ग तिने पत्करला.

१६९४ मध्ये ‘अ सिरियस प्रपोजल टू द लेडीज’ हे तिचे पुस्तक लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झाले. आठव्या हेन्रीने सोळाव्या शतकात मठ मोडीत काढल्यापासून इंग्लंडमध्ये अविवाहित स्त्रीला सन्मानाने राहता येईल अशी जागा उरली नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठी मेरीने स्त्रियांच्या निवासी विद्यालयाची योजना मांडली. तेथे प्रार्थना आणि अध्ययन जोडीने चालावे, राहणाऱ्या स्त्रियांवर आजन्म व्रताची सक्ती नसावी, वाटेल तेव्हा बाहेर पडून लग्न करण्याची मोकळीक असावी, आणि फ्रेंच येणाऱ्यांनी कादंबऱ्यांऐवजी देकार्त व मालब्रांश हे तत्त्ववेत्ते वाचावेत, असा तिचा आग्रह होता. हिशेबही तिने व्यवहारी मांडला : मुलीच्या लग्नात हजारो पौंड घालवण्यापेक्षा पाचशे-सहाशे पौंड भरून तिला येथे पाठवणे बापाला स्वस्त पडेल. तिचा मूळ मुद्दा देकार्तच्या विचारातून आला होता. मनाचे सार विचारशक्ती हे असेल आणि ती देहापासून भिन्न असेल, तर स्त्रीचा देह तिच्या बुद्धीला कमीपणा आणू शकत नाही. स्त्रियांत दिसणारे अज्ञान स्वभावाचे नसून संगोपनाचे फळ आहे.

योजना मात्र कागदावरच राहिली. एका थोर स्त्रीने दहा हजार पौंड देण्याची तयारी दाखवली होती, पण बिशप बर्नेटने या संस्थेला कॅथलिक मठाची कळा येईल असे सांगून तिचे मन वळवले, अशी हकीकत जॉर्ज बॅलर्डने १७५२ च्या आपल्या चरित्रसंग्रहात नोंदवली आहे. पुढे १७०९ मध्ये ‘टॅटलर’ या नियतकालिकाने या कल्पनेची यथेच्छ टिंगल केली. डॅनियल डिफोने १६९७ मध्ये स्त्रियांसाठी स्वतःची अकादमी सुचवली, तेव्हा मेरीच्या योजनेवर टीका करूनही तिचा उल्लेख टाळणे त्याला जमले नाही.

तिचे सर्वांत धीट पुस्तक १७०० मध्ये आले : ‘सम रिफ्लेक्शन्स अपॉन मॅरेज’. नवऱ्याच्या जाचातून पळून आलेली माझारँची डचेस चेल्सीतच राहत होती. तिच्या प्रकरणाचे निमित्त करून मेरीने त्या काळच्या विवाहकायद्याची चिरफाड केली. ‘कव्हर्चर’ या तत्त्वानुसार विवाहित स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व पतीत विलीन होत असे आणि तिच्या जंगम मालमत्तेवर पतीचा ताबा येत असे. एकदा लग्न केले की पत्नीने आज्ञा पाळली पाहिजे, हे मेरीला मान्यच होते. म्हणूनच हा करार करण्यापूर्वी स्त्रीने दहादा विचार करावा, किंवा तो करूच नये, असा तिचा निष्कर्ष निघतो. १७०६ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तिने व्हिग पक्षाच्या स्वातंत्र्यवाद्यांना कोंडीत पकडले : राज्यात अनियंत्रित सत्ता अन्यायकारक ठरते, तर घरात ती न्याय्य कशी, आणि पुरुष जन्मतः स्वतंत्र, तर स्त्रिया जन्मतः गुलाम कशा? ती स्वतः त्या स्वातंत्र्यवादाची पुरस्कर्ती नसल्यामुळेच त्यातील ढोंग तिला इतके स्वच्छ दिसले असावे.

मोठे विद्यालय उभे राहिले नाही, तरी १७०९ च्या सुमारास चेल्सीच्या रॉयल हॉस्पिटलमधील निवृत्त सैनिकांच्या मुलींसाठी तिने मैत्रिणींच्या देणग्यांवर एक धर्मादाय शाळा सुरू करवली आणि तिचा अभ्यासक्रमही आखला. तुर्कस्तानातील पत्रांमुळे प्रसिद्ध झालेल्या लेडी मेरी वर्टली माँटेग्यूच्या हस्तलिखिताला तिने १७२४ मध्ये प्रस्तावना लिहिली. ती १७६३ मध्ये छापली गेली. १७३१ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी तिने, भूल देण्याची सोयच नसलेल्या त्या काळात, शस्त्रक्रिया करवून घेतली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिचा मृत्यू झाला.

२०२१ मध्ये केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजच्या जुन्या ग्रंथालयात तिच्या मालकीची ४७ पुस्तके व पुस्तिका ओळखू आल्या. त्यांतील देकार्तच्या फ्रेंच ग्रंथासारख्या पुस्तकांच्या समासांत तिच्या हस्ताक्षरातील टिपा आहेत. या कॉलेजात स्त्रियांना प्रवेश मिळू लागला तो १९८८ मध्ये.