पाण्याविना उकडलेली अंडी : बचत नेमकी किती?

एप्रिल 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे एअर फ्रायरमध्ये थेंबभर पाण्याशिवाय अंडी उकडण्याची युक्ती भुरळ घालणारच. युक्ती खरी आहे. अंड्याचा पांढरा भाग साधारण 62 अंशांपासून गोठू लागतो, बलक 70 च्या आसपास घट्ट होतो. उष्णता पाण्याने दिली काय नि हवेने दिली काय, काम होतं. 130 अंशांवर 15-16 मिनिटं पुरतात. पण कवच नीट सुटावं म्हणून अंडी लगेच गार पाण्यात टाकावी लागतात, आणि मे महिन्यात नांदेडच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला तापूनच येतं. म्हणजे माठात हात घालणं आलंच. उलट पातेल्यातलं पाणी निवल्यावर कुंडीतल्या झाडांना चालतं.

विजेचं गणितही फारसं बाजूने नाही. 1400 वॅटचं यंत्र पाव तास सलग चाललं तर 0.35 युनिट जातं. थर्मोस्टॅट मधूनमधून बंद होतो, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. अर्धा लिटर पाणी 30 वरून 100 अंशांवर न्यायला मात्र जेमतेम 0.04 युनिटइतकी उष्णता लागते. पुढची दहा मिनिटं आणि वाया जाणारी आच धरली तरी पातेलं सहसा मागे पडत नाही. कोणी म्हणेल, नीटच्या तयारीसाठी लातुरात खोली करून राहणाऱ्या पोरांकडे गॅस कुठला? खरंय; पण त्यांना इंडक्शन शेगडी परवडते, तिच्यावर वरणभातही होतो. यंत्र आधीच ओट्यावर असेल तर खुशाल वापरावं. नुसत्या अंड्यांसाठी मात्र घेऊ नये : झाकणाच्या पातेल्यात बोटभर पाणी घातलं तरी वाफेवर दहा-बारा मिनिटांत अंडी होतात.