तेलकट चेहरा आणि नायसिनमाइड

बाहेर आखाती दमट उकाडा, आत दिवसभर एसी. वयात आलेली मुलं तेलकट चेहऱ्याला वैतागून दिवसातून पाच-सहा वेळा साबण लावतात. तेल तेवढ्यापुरतं जातं, पण त्वचा कोरडी पडून चुरचुरते आणि तेलग्रंथींचं काम चालूच राहतं.

त्यापेक्षा सौम्य उपाय म्हणजे नायसिनमाइड, बी-३ जीवनसत्त्वाचं एक रूप. बाटलीवर कधी ‘निकोटिनामाइड’ लिहिलेलं असतं. आईबाबांनी दचकू नये, त्यात तंबाखूतलं निकोटिन नसतं! २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, २ टक्के नायसिनमाइड लावणाऱ्या जपानी सहभागींच्या त्वचेतून तेल पाझरण्याचं प्रमाण २ ते ४ आठवड्यांत कमी झालं. मग १० टक्क्यांच्या सीरममागे कशाला धावायचं? जास्त प्रमाणाने काहींच्या चेहऱ्याची आग होते. शिवाय नायसिनमाइड त्वचेचं संरक्षक आवरणही सावरतं, साबण नेमकं तेच बिघडवतो.

रात्री सौम्य फेसवॉशने तोंड धुऊन थोडंसं लावा, वर हलकं मॉइश्चरायझर. महिनाभर तरी धीर धरा. मात्र गाठीसारखे दुखरे फोड येत असतील, खड्डे पडत असतील, तर सीरम बदलत बसू नका; त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.